क्लासचा इतिहास आणि बाबांचा अर्ज

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या गाण्याच्या क्लासची स्मरणिका निघणार आहे आणि क्लासचा इतिहास लिहिण्याचे काम समितीने माझ्यावर सोपवले आहे. हे फोनवरही सांगता आले असते. परंतु बाबांना एक गोष्ट विचारायची आहे आणि तिचे उत्तर त्यांनी सवडीने द्यावे असे वाटते, म्हणून हे पत्र.

लेखाची सुरुवात पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांपासून व्हावी, असा समितीचा आग्रह आहे. चाळीतल्या दोन खोल्यांचा इतिहास थेट लाहोरपासून सांगायचा, याचे मला आधी हसू आले. पण वाचत गेले तसे नाते पटू लागले, फक्त ते रागदारीपेक्षा जमाखर्चाचे निघाले. बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये सुरू झाली, तिच्या पाठीशी सयाजीराव महाराज होते. पलुसकरांनी, तुमच्या मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून बाहेर पडल्यावर, ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर. पुढे १९०८ मध्ये मुंबईला शाखा काढली आणि कर्ज काढून इमारतही उभारली, ती अखेर त्या कर्जापायीच गेली. म्हणजे कोणाच्या आश्रयाशिवाय चालणाऱ्या संगीत विद्यालयाचा इतिहास मुळापासूनच भाड्याचा आणि उधारीचा आहे. आपल्या क्लासला याहून जवळचे घराणे कोणते सांगावे!

गुरुजींच्या मुलाने त्यांची लाकडी पेटी माझ्या स्वाधीन केली. तिच्यात हजेरीच्या वह्या आहेत, आणि फीच्या रकान्यात कितीतरी नावांपुढे पैशांच्या आकड्याऐवजी गुरुजींच्या तिरक्या अक्षरात ‘सवडीने’ एवढेच लिहिलेले आहे. एका वर्षी सलग पाच महिने माझ्याही नावापुढे तेच आहे. हे तुम्ही मला कधी सांगितले नव्हते.

त्याच वह्यांत घडी घालून ठेवलेला एक अर्ज सापडला. क्लासमध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची तयारी करून घ्यावी, अशी पालकांची विनंती त्यात आहे; खाली अकरा सह्या आहेत, पहिली बाबांची, आणि सगळा मजकूरही बाबांच्याच अक्षरात. गुरुजींचा परीक्षांना किती विरोध होता, हे मला आठवते. दोन-दोन महिने एकच राग, आणि तोही आधी नुसता ऐकायचा, अशी त्यांची रीत. शेवटी ते तयार झाले आणि प्रारंभिक, प्रवेशिका करत आम्ही मध्यमेपर्यंत पोहोचलो. पुढच्याच जूनपासून हजेरीची वही दुप्पट जाड झालेली दिसते, ‘सवडीने’ कमी होत जाते, आणि दुसऱ्या खोलीच्या भाड्याच्या पावत्या सुरू होतात. मात्र दर गुरुवारची बैठक, जिच्यात लहानमोठे सगळे जाजमावर बसून एकमेकांचे गाणे ऐकत असू, तिची नोंद त्याच वर्षी थांबते. अभ्यासक्रम पुरा करायचा तर गुरुवार कोठून आणणार?

समितीला हा अर्ज लेखात नको आहे. ‘गुरुजींनी काळाची पावले ओळखून परीक्षा सुरू केल्या’ असे एक वाक्य त्यांना पुरेसे वाटते. मला ते खोटे वाटते. परीक्षा आल्या नसत्या तर चाळ पाडली जाण्याच्या कितीतरी आधीच क्लास बंद पडला असता, याविषयी मला शंका नाही. पण आज शाळेच्या भाड्याच्या वर्गात जे चालते ते मी दर शनिवारी पाहते. दहावीला शास्त्रीय संगीताचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून आठवी-नववीची मुले रांगेने येतात, अर्जाला लागणारे प्रमाणपत्र हाती पडले की दिसेनाशी होतात, आणि शेजारच्या मुलाने काय गायले हे त्यांतल्या एकालाही सांगता येत नाही. या दोन्ही गोष्टींची सुरुवात त्या अर्जात आहे, म्हणून तो तुमच्या नावानिशी लेखात यावा असे मला वाटते. तुमची हरकत नसेल तरच. आणि त्या वेळी गुरुजींशी तुमचे नेमके काय बोलणे झाले, ते मला हवे आहे. त्यानंतर ते वर्षभर आपल्या घरी चहाला आले नव्हते, एवढेच मला ठाऊक आहे.

आई, चाळ रिकामी करताना गुरुजींनी तुझ्या स्वाधीन केलेला तानपुरा समितीला कार्यक्रमासाठी हवा आहे. तू जुन्या नऊवारीची शिवलेली गवसणी तशीच राहू दे, पण तेवढी जवारी काढून घ्यायला हवी, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज पुन्हा खुलवून घ्यायला हवा. ठाण्याच्या पावसाळ्यांनी खर्जाची पितळी तार बोथट बोलू लागली होती, आणि घोडीवर तारांनी पाडलेल्या चऱ्या तर नखाला लागत असत. बाबांना सतारमेकर गल्लीत घेऊन जायला सांग. भोपळ्याला हात लावू देऊ नका.

मी येत्या शनिवारी रात्री कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघेन आणि रविवारी सकाळी मिरजेत पोहोचेन. बाबा, उत्तर तोवर कागदावर लिहून ठेवा. तोंडी सांगायला बसलात तर आई गुरुजींची बाजू घेईल आणि मला दोन इतिहास लिहावे लागतील.

तुमची,
सुमा