सोनेरी सीलचं सर्टिफिकेट आणि तुमचं ‘निवड’ सदर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी गेली एकोणीस वर्षं सांगलीत विश्रामबागला झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान चालवतोय. आजूबाजूला कॉलेजं, क्लासेस, होस्टेल, त्यामुळं पोरांच्या आयुष्यातले सगळे कागद आधी माझ्या मशीनमधनं जातात आणि मग पुढं. पत्र लिहायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात तुमच्याच पेपरात ‘निवड’ सदरात एका मुलीची फोटोसकट बातमी आली, आंतरराष्ट्रीय ऑनर सोसायटीत, म्हणजे हुशार विद्यार्थ्यांना सभासद करून घेणाऱ्या संस्थेत, निवड म्हणून, आणि तिसऱ्याच दिवशी ती मुलगी ते कात्रण आणि सर्टिफिकेटची पीडीएफ घेऊन माझ्याच दुकानात आली. कात्रण लॅमिनेट करायचं आणि सर्टिफिकेट जाड आयव्हरी कागदावर कलर प्रिंट काढून फ्रेम करायचं, गावाकडं घरी लावायला.

पीडीएफ उघडली आणि मला शंका आली. खालचं सोनेरी सील जरा मोठं करून बघितलं तर सगळं फाटलेलं, नेटवरनं उचललेलं बारकं चित्र ताणून बसवलेलं. अध्यक्षांची सही आणि संचालकांची सही, नावं दोन पण अक्षर एकच, एकाच फाँटमधली. आणि पोरीचं नाव ओळीच्या मधोमध न बसता एका बाजूला सरकलेलं. आम्हा डीटीपीवाल्यांना हे बघितल्या बघितल्या कळतं, मेल मर्ज मारलाय, म्हणजे नमुना एकच आणि नावं यादीतनं आपोआप, एका बटणात पाचशे सर्टिफिकेटं.

मी म्हटलं, “बाळ, हे मिळालं कसं तुला?” तर म्हणाली, “काका, मेल आला अभिनंदनाचा, तुम्ही टॉप पंधरा टक्क्यांत आहात, ७२ तासांत स्वीकारा नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.” मी विचारलं, तुझे मार्क त्यांना दिले कुणी? तर गप्प. मग हळूच म्हणाली, “मला एम-थ्रीत केटी आहे काका.” म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात नापास, विषय राहिलेला. हसूही आलं आणि वाईटही वाटलं. ८५ डॉलर भरले होते, म्हणजे आपले सात हजारांच्या वर, पुण्यातल्या चुलतभावाच्या क्रेडिट कार्डावरनं. वर मेडल, पदवीदानाला गळ्यात घालायची मानाची दोरी, शिफारसपत्र, सगळ्याचे वेगळे पैसे. वडिलांची तासगाव तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग, औषधाची उधारी बाकी, आणि त्यांनीच भावाला सांगितलं होतं की भर बाबा, पोरगी अमेरिकेला एमएसला जाणार आहे तर उपयोगी पडंल.

आता गंमत अशी की ऑनर सोसायटी ही चीज मुळात खोटी नाही. माझी भाची तिकडं अमेरिकेत शिकते, तिला फोन करून सगळं समजून घेतलं. तिथली सगळ्यात जुनी फाय बीटा कप्पा, १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झाली (आपल्याकडं तेव्हा सवाई माधवराव जेमतेम अडीच वर्षांचे). इंजिनिअरिंगची टाऊ बीटा पाय १८८५ची, सगळ्या शाखांची फाय कप्पा फाय १८९७ची. पण ह्यांचं कसं असतं, तर त्या त्या कॉलेजात त्यांची शाखा असते, तिथले प्राध्यापक ती बघतात आणि मार्क कॉलेजच्याच रेकॉर्डवरनं घेतले जातात. फाय कप्पा फायमध्ये मास्टर्सवाल्यांना घेतात ते वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांतलेच. म्हणजे तुम्ही कोण आहात हे त्यांना माहीत असतं. इथं सांगलीतल्या पोरीच्या कॉलेजात ना शाखा, ना कुणा सरांना पत्ता, आणि टक्केवारी मात्र काढून मोकळे.

आणि एक सांगतो, कारण लोक लगेच म्हणतात पैसे मागितले की फसवणूक. तसं नाही. भाची म्हणाली खऱ्या संस्थासुद्धा सभासद होताना फी घेतात. १९२५ पासून अशा सोसायट्यांची एक संघटनाही आहे, असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज नावाची, पण तिच्या यादीत नाव नाही म्हणजे लगेच खोटी असंही नाही म्हणे. तेव्हा फीवरनं किंवा वेबसाइटच्या झगमगाटावरनं ठरत नाही. विचारायचं ते आपल्याच कॉलेजात, बाबा ह्यांना माझे मार्क तुम्ही दिलेत का. “नाही” आलं की विषय संपला.

आपल्याकडं हे नवीन आहे असंही समजू नका. राज्यस्तरीय अमुकरत्न पुरस्कार, नोंदणी फी अकरा हजार, शाल, श्रीफळ, ट्रॉफी आणि स्टेजवर फोटो, हे आपण कधीपासून बघतोय. मलाही एकदा फोन आला होता उद्योगरत्न म्हणून, खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी हवेत होतो, मग बायको म्हणाली झेरॉक्सवाल्याला कसलं रत्न, तेव्हा खाली आलो. लॉकडाऊनमध्ये २०२० ला तर ई-सर्टिफिकेटचा पूर आला होता, गुगल फॉर्मवर दहा प्रश्न सोडवा आणि सर्टिफिकेट घ्या, पोरांनी नाव, मोबाईल, ईमेल, कॉलेज, वर्ष सगळं भरभरून दिलं. आता कुणीतरी अगदी नावानिशी अभिनंदन करतं तेव्हा त्याला आपलं नाव कुठनं मिळालं हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

बोगस विद्यापीठांची यादी यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, काढतं, कारण पदवी कुणी द्यायची हे १९५६च्या यूजीसी कायद्यात लिहिलंय. पण सभासदत्वाचं सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे, ते ह्या यादीत येतच नाही आणि नेमक्या त्या फटीत ही मंडळी बसलीत. बरं, पोरगी तक्रार तरी काय करणार, तिला सर्टिफिकेट मिळालंय की! तरीपण मी तिला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० नंबर दिला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायला लावली, आणि भावाला सांगून कार्ड ब्लॉक करायला लावलं, कारण मेलच्या तळाला बारीक अक्षरात दरवर्षी आपोआप नूतनीकरण असं लिहिलेलं होतं. तिनं ते वाचलंच नव्हतं. मीपण चष्मा लावून वाचलं.

आता तुमच्याकडं येतो, राग मानू नका. ही बातमी तुमच्याकडं आली कॉलेजकडनं, कॉलेजला सांगितलं पोरीनं, पोरीला सांगितलं त्या मेलनं. मधे एकानंही एक फोन केला नाही. कॉलेजनं तर प्राचार्यांच्या हस्ते गुलाबपुष्प देऊन सत्कार केला, त्याच कॉलेजनं जिच्या मार्कलिस्टवर केटी छापलीय. आणि पेपरात आलं म्हटल्यावर माझ्यासारख्यानं शंका काढली तर कोण ऐकणार? वर्गातल्या आणखी चार पोरींनी ती बातमी बघून पैसे भरले, हे तिनंच मला रडवेली होऊन सांगितलं. माझी मागणी एवढीच की ‘निवड’ सदरात असलं काही छापायच्या आधी निवड कुणी केली, कशावरनं केली आणि पैसे कुणी कुणाला दिले, हे तीन प्रश्न कॉलेजला विचारा. उत्तर आलं नाही तर ती जागा सरळ जाहिरातीला द्या, निदान तुम्हाला चार पैसे मिळतील.

पोरगी फ्रेम न्यायला परत आली नाही. वडिलांना काय सांगितलं असेल माहीत नाही. हे पत्र छापलंत तर त्याचं कात्रण लॅमिनेट करून काउंटरच्या काचेवर लावणार आहे, ए-फोरचे वीस रुपये होतात, ते माझ्याकडनं.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक, एक झेरॉक्सवाला
विश्रामबाग, सांगली