उंच मुलाचे काय करायचे? मित्रास पत्र

रायबंदर, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बऱ्याच महिन्यांनी लिहितो आहे आणि त्याचे कारण एकच आहे: आपल्या बास्केटबॉल संघात असे काही घडते आहे, जे तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही. घरी सर्व ठीक. आईची साखर आटोक्यात आहे आणि माझी पाठ पावसाळ्यात दुखते तशी दुखते आहे. तेवढे पुरे.

काकांचा धाकटा आता सोळा वर्षांखालील मुलांना शिकवतो, हे तुला ठाऊक आहेच. मुलगा अभ्यासू आहे, मेहनती आहे आणि पोरांवर कधी आवाज चढवत नाही. गेल्या आठवड्यात त्याने समितीपुढे मांडले की येत्या हंगामात आपण सेंटर, म्हणजे रिंगखालचा उंच खेळाडू, न ठेवता खेळायचे. पाचही मुले चपळ, पाचही बाहेरून टाकणारी, आत रिंगजवळ, पोस्टवर, कोणीच नाही. मोठमोठे संघ आज असेच खेळतात आणि आपण अजून आपल्या जुन्या प्रशिक्षक सरांच्या काळात अडकलो आहोत, असे त्याचे म्हणणे. समितीतल्या बहुतेकांना ते पटले. याचा अर्थ सत्तरी तालुक्यातून आलेला, मावशीकडे राहून शिकणारा, पंधराव्या वर्षी सहा फूट दोन इंच उंची असलेला तो मुलगा बाकावर बसणार. चवथीनंतरच्या बैठकीत अंतिम निर्णय आहे आणि तिथे मला माझे मत मांडायचे आहे. ते आधी तुझ्यापुढे मांडतो, कारण रिंगखाली उभे राहून कोपरे खाल्लेला माझ्या ओळखीचा पोस्टवरचा खरा खेळाडू तूच.

धाकट्याचे म्हणणे पोकळ नाही, हे आधी सांगतो. रेषेबाहेरून टाकलेले तीन गुणांचे फटके तीनांत एक पडले, तरी आतले दोन गुणांचे फटके दोनांत एक पडल्याइतकेच गुण मिळतात, हा हिशेब कोणालाही खोडता येणार नाही. समोरच्या संघाने दोन-तीनचा झोन, म्हणजे दोघे पुढे आणि तिघे रिंगजवळ असा जागा राखणारा बचाव, लावला की आपली मुले गोंधळतात, चेंडू बाहेरच्या बाहेर फिरत राहतो आणि फटका टाकायचे चोवीस सेकंद संपत आले की कोणीतरी घाईने फेकून देतो, हेही मी गेल्या मोसमात पुन्हा पुन्हा पाहिले. पाचही जण टाकू शकत असतील तर बचाव करणाऱ्यांना पसरावेच लागते आणि मग आत घुसायला वाट मिळते. शिवाय समोरच्याने पिक लावल्यावर, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अंगाने अडवल्यावर, एकमेकांचे खेळाडू बदलून घ्यायचे असतील, तर पाचही जण पायांनी हलके असणे फार सोयीचे पडते. हे सारे मला मान्य आहे. मात्र यातून उंच मुलाला बसवा हा निष्कर्ष निघतो, असे मला मुळीच वाटत नाही.

धाकटा दाखला देतो एनबीए या अमेरिकेतल्या लीगच्या २०१५ च्या अंतिम मालिकेचा. गोल्डन स्टेट वॉरियर्स क्लीव्हलंडविरुद्ध १–२ असे मागे होते. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सात फुटी अँड्र्यू बोगटला बसवून आंद्रे इगुओडालाला सुरुवातीपासून उतरवले आणि १९८ सेंटिमीटरचा ड्रेमंड ग्रीन सेंटर झाला. क्लीव्हलंडच्या उंच मोझगोव्हने त्या दिवशी २८ गुण केले, तरी त्याचा संघ ८२ विरुद्ध १०३ असा हरला. मला सर्वांत बोलके वाटते ते त्यानंतरचे: पुढच्या सामन्यात क्लीव्हलंडने मोझगोव्हला जेमतेम नऊ मिनिटे खेळवले. २८ गुण करणारा माणूस त्यांनी आपल्याच हाताने बाजूला ठेवला. वॉरियर्सने सलग तीन सामने जिंकून मालिका नेली, इगुओडाला अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि जो तो संघ आपल्या सेंटरकडे संशयाने पाहू लागला. त्याच हंगामात वॉरियर्सने ६७ सामने जिंकले होते आणि त्यांतल्या बहुतेकांत सुरुवातीला बोगटच होता, हे मात्र विसरले गेले. लहान चमू, म्हणजे उंच सेंटरशिवायचे पाच जण, हा त्यांच्या हातातला एक डाव होता. संघ त्यांनी उंच माणसासह बांधला होता. पुढच्या वर्षी अंतिम मालिकेत ते ३–१ असे पुढे असताना पाचव्या सामन्यात बोगटचा गुडघा दुखावला, उरलेले सामने तो खेळू शकला नाही आणि वॉरियर्सने मालिका ४–३ अशी गमावली. त्या सामन्यात ग्रीनही निलंबित होता, म्हणून मी सगळे बोगटच्या गुडघ्यावर टाकत नाही. पण बोगट नसल्याचा फरक पडला नाही, असेही कोणी मला सांगू नये.

इथे तू मध्येच म्हणशील की तीन गुणांच्या फटक्यांचे महत्त्व तुला आमच्या आधीच कळले होते आणि मडगावच्या अंतिम सामन्यातला तुझा तो फटका तीन गुणांचाच होता. नव्हता. तुझा पाय रेषेवर होता, हे मी तेव्हा म्हटले आणि आजही म्हणतो. तेव्हा रेषा ६.२५ मीटरवर होती. फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, २०१० मध्ये ती ६.७५ वर नेली. आजच्या रेषेने मोजले तर तुझे दोन्ही पाय आत येतात, त्यामुळे हा वाद तू आता पूर्णपणे हरला आहेस. पंचांनी दोनच गुण दिले, आपण एकाने हरलो, आणि परतीच्या बसमध्ये तू माझ्या शेजारी बसला नाहीस.

असो. उंच माणसाशिवायच खेळायचा प्रयत्न कोणी मनापासून केला असेल, तर तो ह्यूस्टनने. २०२० च्या फेब्रुवारीत त्यांनी आपला सेंटर क्लिंट कपेला देऊन टाकला आणि १९६ सेंटिमीटरच्या पी. जे. टकरला त्या जागी उभे केले. टकर जीव तोडून खेळला. पण प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद मालिकांच्या, दुसऱ्या फेरीत लेकर्सने त्यांना ४–१ असे हरवले. त्या मालिकेत लेकर्सनेही आपले जड सेंटर बसवले होते, हे धाकटा लगेच सांगेल. परंतु त्यांच्या जागी सेंटर म्हणून खेळला तो अँथनी डेव्हिस, २०८ सेंटिमीटरचा. हा डेव्हिस शाळेत आधी गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा चपळ खेळाडू, होता, मग थोड्या काळात भराभर वाढला, आणि गार्डचा हात त्याच्याकडे तसाच राहिला. म्हणजे उंचीही होती आणि हातही होता. २०२३ मध्ये डेन्व्हर जिंकले ते २११ सेंटिमीटरच्या निकोला योकिचच्या जोरावर, आणि त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये गुण, रिबाउंड (चुकलेल्या फटक्यांचे पकडलेले चेंडू) आणि असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) या तिन्हींत सर्वांच्या पुढे तोच होता. सर्वांत अधिक असिस्ट देणारा माणूस सेंटर असावा, हे आपल्या सरांना सांगितले असते तर त्यांनी आपल्याला कोर्टाभोवती पळायला लावले असते.

आणि २०२५ चा जून पाहा. ओक्लाहोमा सिटीने अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात आपल्या दोन सात फुटी खेळाडूंपैकी हार्टेनस्टाइनला सुरुवातीच्या पाचांतून काढून लहान चमू उतरवला आणि तो सामना ११०–१११ असा एका गुणाने गेला. मालिकेत १–२ असे मागे पडल्यावर, म्हणजे २०१५ चे वॉरियर्स जिथे उभे होते नेमके तिथे, त्यांनी चौथ्या सामन्यात उंच माणसाला परत सुरुवातीला आणले, तो सामना जिंकला आणि पुढे मालिकाही ४–३ अशी जिंकली. दहा वर्षांच्या अंतराने त्याच वळणावर एकाने उंच माणूस काढला, दुसऱ्याने घातला आणि दोघेही विजेते झाले. मग अनुकरण नेमके कशाचे करायचे? मला तरी यातून एवढेच दिसते की समोर कोण आहे आणि आपल्याकडे कोण आहे हे पाहून निर्णय घ्यावा. सध्याची पद्धत कोणती आहे ते पाहून नव्हे.

आपल्याकडे कोण आहे? बुटकी मुले. गोव्यात सोळा वर्षांखालचा कोणता संघ मनात आणले तरी उंच चमू उभा करू शकतो? आपण सगळे पिढ्यान्‌पिढ्या लहान चमूनेच खेळत आलो, कारण दुसरे काही हाती नव्हते. ज्यांच्याकडे सात फुटी माणसांची रांग आहे त्यांनी एकाला बसवणे हा डावपेच झाला. आपल्याकडे कैक वर्षांनी एक सहा फुटी आला आणि आपण त्यालाच बसवतो आहोत. शिवाय एनबीएत बचाव करणारा उंच माणूस कोणाला न अडवता रिंगखाली तीन सेकंदांहून अधिक थांबू शकत नाही. फिबाच्या नियमांत असे बंधनच नाही, आणि आपण फिबाच्याच नियमांनी खेळतो. बचावात उंच मुलाला मधोमध उभे करण्याची मुभा असताना त्याला बाहेर ठेवणे मला समजत नाही. आणि आपले कोर्ट तुला मी सांगायला हवे का? मांडवीवरून वारा सुटला की बाहेरून टाकलेला चेंडू हातभर सरकतो, रिंग कडक, बोर्ड थरथरणारा, चुकलेला फटका थेट अर्ध्या कोर्टावर उडतो. अशा जागी तीनांत एक पडेल या भरवशावर पंधरा वर्षांच्या पोरांचा सबंध खेळ बांधायचा? यंदाही शेवाळ चढले आहे. चवथ झाली की घासायला सुरुवात होईल, तोवर सगळा सराव उसन्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी. एवढ्या सरावात पाच नेमबाज तयार होत नाहीत.

या सगळ्यात माझा जीव अडकला आहे तो त्या मुलात. फुटबॉलवाल्यांचा त्याच्यावर डोळा आहे, गोलकीपर म्हणून. आणि फुटबॉलने बोलावले की गोव्यात कोण थांबतो? इथे बाकावर बसवले तर तो महिनाभरात जाईल आणि त्याला दोष देता येणार नाही. पण त्याला ठेवायचे म्हणून सरांनी तुला ठेवले तसे ठेवायलाही माझा तितकाच विरोध आहे. मैदानाच्या कडेचा माड असावा तसे तुला त्यांनी रिंगखाली रोवले. ड्रिबल करायचा नाही, बाहेरून टाकायचे नाही, चेंडू आला की वळायचे आणि टाकायचे. तुझा हात चांगला होता. सराव संपल्यावर तू अंधार पडेपर्यंत कोपऱ्यातून टाकत असायचास आणि सरांची स्कूटर वळताना दिसली की पुन्हा रिंगखाली जाऊन उभा राहायचास. तुझ्यातला खेळाडू त्यांनी अर्धाच वापरला, याचे मला आजही वाईट वाटते. सरांचा आदर मी सोडणार नाही, पण हे मी बैठकीत बोलणार आहे. ज्या जूनमध्ये वॉरियर्स जिंकले त्याच जूनमध्ये पंजाबचा सतनाम सिंग डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडला, सात फूट दोन इंच, भारतात जन्मलेला पहिलाच. आपण किती फोन केले होते एकमेकांना! एनबीएच्या सामन्यात त्याला कधी उतरता आले नाही. खेळच तेव्हा असा बदलत होता की नुसती उंची कोणालाच पुरेनाशी झाली. या बदलातून शिकायचे असेल तर हे शिकावे की उंच मुलालाही गार्डसारखे हात आणि पाय द्यावेत.

म्हणून मी सुचवणार आहे ते असे. तो सुरुवातीच्या पाचांत राहील, पण पोस्टवर रोवलेला नाही. पिक लावून फ्री-थ्रो रेषेच्या कोपऱ्याशी चेंडू घेईल, तिथून कापत जाणाऱ्या मुलांना पास देईल, मोकळा असेल तर टाकेल. बचावात मधोमध. चाळीस मिनिटांतली आठ-दहा मिनिटे, समोरचा संघ थकला की, धाकट्याने आपला लहान चमू खुशाल उतरवावा. त्याची ती कल्पना मला खरोखर आवडते. आणि सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाने, गार्डनेसुद्धा, बॉक्स-आउट, म्हणजे चुकलेला चेंडू घेताना समोरच्याला पाठीने मागे रोखणे, शिकावे, कारण पुढच्या दोन वर्षांत कोण किती वाढेल हे कोणाच्याही हातात नाही.

तू चवथीला येणार आहेस असे वहिनी फोनवर म्हणाल्या. दोन दिवस आधी ये. त्या मुलाला फ्री-थ्रो रेषेजवळ पाठीवर माणूस घेऊन पास कसा द्यायचा हे दाखव. मी दाखवतो ते त्याला पटत नाही, कारण माझे डोके त्याच्या खांद्याशी लागते. जमले तर बैठकीलाही थांब. धाकटा तुला मानतो आणि तू बोललास तर तो ऐकून घेईल.

तुझ्या बदलीचे काय झाले ते कळव. पुण्याच्या घराचा ताबा मिळाला का? मुलीला दहावीच्या गुणांबद्दल माझे अभिनंदन सांग, तिच्यासाठी ठेवलेले पुस्तक इथेच आहे. येताना तुझे जुने बूट आण, कोर्टावर चपला चालणार नाहीत.

तुझाच,
रायबंदरचा मित्र