मिस्त्री काका, नवतप्याच्या आधी तुमचे आभार

आदरणीय मिस्त्री काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि शेडचा पत्ता मुद्दामच लिहीत नाही. उद्या दारात रांग लागली तर तुम्ही आम्हालाच झापाल.

हे पत्र आम्ही काही जण मिळून लिहितोय. आमच्या प्रत्येकाकडे डब्ल्यू २११ आहे, म्हणजे २००२ ते २००९ या काळातली मर्सिडीज ई क्लास. कुणाची डिझेल २२० सीडीआय, कुणाची २०० कॉम्प्रेसर, कुणाची व्ही सिक्स २४०. गाडी स्वस्त झाली, पार्ट स्वस्त झाले नाहीत. त्यामुळे अंदाजाने मागवलेला एक चुकीचा पार्टसुद्धा महिन्याचा हिशेब बिघडवतो. तुमच्या शेडमध्ये "बदलून बघू" हे वाक्य चालत नाही, आधी मोजायचं आणि मगच मागवायचं. आभार मुख्यतः त्यासाठी.

"आधी तार पाह्य, मंग पार्ट माग" हे तुमचं वाक्य आता आमचंही झालं आहे. त्याचा अर्थ कळला तो पांढऱ्या कापडाच्या चिंधीमुळे. गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला तेरा पिनांचा गोल प्लग बसतो. तो ज्या प्लास्टिकच्या नळीत बसतो तिच्यावर दोन ओ-रिंग असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या कडक होतात आणि गिअरबॉक्सचं तेल प्लगमध्ये शिरतं. खाली एक थेंबही पडत नाही. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं ते तारांच्या पोटातून वर चढत थेट गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटपर्यंत जातं. मग गाडी अचानक एकाच गिअरमध्ये अडकते, इंजिन बंद करून चालू केलं की पुन्हा बरी होते. बिघाड वाचायचं मशीन लावलं तर स्पीड सेन्सरचा फॉल्ट दाखवतं, आणि लोक आतली कंडक्टर प्लेट (सेन्सर बसवलेली पाटी) किंवा अख्खा गिअरबॉक्स उतरवायच्या गोष्टी करायला लागतात. तुम्ही प्लग काढता, चिंधीचं टोक पिळून पिनांमध्ये फिरवता आणि उजेडात धरता. चिंधीवर लालसर तपकिरी डाग आला, तर आधी नळी आणि ओ-रिंग बदलायच्या, प्लग आणि कंट्रोल युनिटचा कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवायचा, आठवडाभर गाडी चालवायची आणि मग पुन्हा चिंधी फिरवायची. कंडक्टर प्लेट खरंच गेलेली असते तेव्हा तीही बदलावी लागते. पण ती दुसरी पायरी.

कॉम्प्रेसरवाल्यांच्या पेट्रोल इंजिनातही हाच प्रकार होतो. पुढच्या बाजूच्या, झडपांची वेळ बदलणाऱ्या कॅमशाफ्ट मॅग्नेटमधून इंजिन ऑइल कनेक्टरमध्ये झिरपतं आणि वायरिंगमधून इंजिनच्या कंट्रोल युनिटकडे निघतं. मॅग्नेट बदलताना मध्ये वीतभर लांबीची जोडवायर टाकायची हा उपाय आम्हाला तुमच्याकडेच कळला. पुढे कधी तेल आलंच तर त्या तुकड्यात अडकतं आणि तेवढाच तुकडा फेकता येतो. आता सर्व्हिसिंगच्या वेळी आम्हीच ते कनेक्टर उघडून बघतो, पाच मिनिटांचं काम.

गिअरबॉक्सच्या तेलाबद्दलही तुम्ही आमचा गैरसमज दूर केलात. ७२२.६ या पाच गिअरांच्या बॉक्सचं तेल आयुष्यभर बदलायचं नाही, असं सुरुवातीला कंपनीच सांगत होती. पुढे तिनेच ६०,००० किलोमीटरला एकदा बदलायचं ठरवलं. पॅन उतरवून फिल्टर बदलला तर साधारण ४ लिटर तेल निघतं, टॉर्क कन्व्हर्टरसकट (इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारा तेलाने भरलेला भाग) बदलायचं तर ८ लिटरच्या आसपास लागतं. तेल मर्सिडीजच्या २३६.१४ मानकाचंच हवं. या गाडीत तेल मोजायची कांडी दिलेलीच नाही, फक्त लाल कुलूपपिनेने बंद केलेली नळी आहे. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, लिव्हर पी मध्ये आणि तेल ८० अंशांवर आलेलं, तेव्हाच तुमची ती खास कांडी आत जाते. गार तेलावर मोजून भरलं की गरम झाल्यावर जास्त होतं, फेसाळतं, आणि गिअर घसरतात. पॅनचे सहा बोल्ट ॲल्युमिनियमच्या अंगात बसतात, त्यांना ८ न्यूटन मीटरच्या वर ताकद लावायची नाही. त्या बोल्टांना तुम्ही कुणाला बोल्ट आवळायची गन लावू देत नाही, आणि गन उचलणाऱ्या पोऱ्याला मिळणारे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

आता नागपूरच्या उन्हाकडे येऊ. ही गाडी थंड मुलखासाठी आखलेली असली तरी उन्हाने लगेच हार मानत नाही. पण २०१३ च्या मे महिन्यात ज्या शहरात पारा ४७.९ पर्यंत गेला, तिथे वीस वर्षांचं प्लास्टिक किती टिकणार? रेडिएटरच्या वरच्या होजची तोटी प्लास्टिकची आहे. ती आधी पिवळट, मग तपकिरी होते, केसाएवढी चीर पडते, आणि एखाद्या दुपारी व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर होजसकट हातात येते. क्लिपच्या मागे आरसा धरून चीर शोधायला तुम्ही शिकवलं. घरोघरी कूलरला वाळ्याच्या ताट्या लागल्या की आमचीही तपासणी सुरू होते. तोटी, दोन्ही होज, एक्स्पान्शन टाकीचं १.४ बारचं झाकण, ८७ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाच्या गळती-भोकाखालचा सुकलेला पांढरा ओघळ. यातलं काही एक गेलेलं दिसलं की बाकीचं त्याच वयाचं असतं, म्हणून सगळं एकदम बदलायचं. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी "थंड" ठेवायचा इथला जुना जुगाड तुम्ही कधी करू दिला नाही. इंजिन तापमानाला पोहोचलंच नाही तर कंट्रोल युनिट जास्त इंधन ओतत राहतं आणि झीजही वाढते.

कूलंट मर्सिडीजच्या ३२५.० मानकाचं, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी कधीच नाही, त्यातल्या क्षाराने हीटरची बारीक नळी बुजते. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवायचं, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. मे महिन्यात हीटर लावून बसलेल्या माणसाकडे बघून शेजारी काय म्हणतात ते आम्हालाच माहीत.

याच रेडिएटरच्या पोटात गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा वेगळा भाग असतो. सुरुवातीच्या काही गाड्यांना लागलेल्या एका बनावटीच्या रेडिएटरमध्ये त्याची आतली भिंत फुटते आणि कूलंट तेलात मिसळतं. मग हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी खडबडीत पट्ट्यांवरून जातेय अशी थरथरते. लोक चाकं बॅलन्स करतात, माउंटिंग बदलतात. तुम्ही तेलात ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं रसायन, आहे का ते तपासता, आणि निघालं तर रेडिएटर आधी, मग कन्व्हर्टरसकट तेल. उलट क्रमाने केलं तर नवं तेलही वाया जातं. कारखान्यातून आलेला रेडिएटर अजून गाडीत असेल, तर बनावट न विचारता बदला, हा तुमचा सल्ला आम्ही सगळ्यांनी मानला आहे.

एसीबद्दल थोडक्यात. समृद्धी महामार्गावरून आलेल्या गाडीच्या कंडेन्सरवर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) किड्यांचा थर असतोच, पण खरी घाण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असते. कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर धुवायचं. गॅस भरताना गेज बघून नाही, वजनाने, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतका. या एसीच्या कॉम्प्रेसरला क्लच नाही, तो स्वतःच कमी-जास्त होतो, त्यामुळे नुसत्या गेजवर भरणारा फसतो.

ब्रेकच्या बाबतीत मात्र तुम्ही आमचे हात वाचवलेत, आणि हे अक्षरशः. २००६ च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांमध्ये एसबीसी हा विजेवर चालणारा ब्रेक आहे. पेडल दाबलं की सेन्सर सांगतो आणि पंपाने साठवलेला दाब कॅलिपरला जातो. गाडी बंद असली तरी दार उघडताच किंवा रिमोट दाबताच ही यंत्रणा स्वतःची तपासणी करते आणि पिस्टन जोरात बाहेर येतात. त्या वेळी पॅड काढलेले असले आणि बोट आत असलं तर बोट गेलं. म्हणून पॅड बदलण्याआधी मशीनवरून एसबीसी निष्क्रिय करायचंच, चावी खिशात नाही तर दूर टेबलावर ठेवायची. तुम्ही तर स्टिअरिंगला लाल फडकं बांधता, कुणी दाराला हात लावू नये म्हणून. ब्रेक किती वेळा लागला याची मोजणी यंत्रणा ठेवते, आणि सुमारे ३ लाखांच्या पुढे गेली की ब्रेक सर्व्हिसचा संदेश येतो. तो मोजणीचा आहे की खरा बिघाड, हे कोड वाचल्याशिवाय सांगता येत नाही. यंत्रणा पूर्णच बसली तर पेडल खोल आणि जड जातं आणि फक्त पुढच्या चाकांना ब्रेक लागतो. अशा गाडीला टो करून आणायचं, चालवून आणायचं नाही. मोजणी शून्य करून देणारे बरेच भेटतात. पंप जुनाच राहतो, हे सांगणारे तुम्ही एकटे भेटलात.

याच गाड्यांना दोन बॅटऱ्या असतात. मोठी डिकीत, छोटी १२ अँपिअर-अवरची बॉनेटखाली, ब्रेकला आधार म्हणून. मोठी नवी टाकली आणि छोटी विसरली की स्क्रीनवर भुतासारखे संदेश येतात. डिकीतली बॅटरी एजीएमच (ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत धरून ठेवणारी) हवी आणि तिची वायू बाहेर नेणारी नळी जोडलेली हवी. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून, गाडी लॉक करून अर्धा तास थांबायचं. सगळी युनिटं झोपल्यावर वापर ५० मिलीअँपिअरच्या खाली यायला हवा. त्याआधी मीटर लावणारा हमखास चुकतो. अर्ध्या तासात तुमच्याकडे दोन चहा होतात.

डिझेलवाल्यांसाठी इंजेक्टरचं काळं डांबर. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर सुटला की जळालेला वायू वर येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा थर जमतो. सकाळी पहिल्या स्टार्टला वरून चुक-चुक आवाज आणि एसीतून धुराचा वास, एवढी खूण पुरे. लगेच उघडलं तर तासाभराचं काम. वर्षभर टाळलं तर इंजेक्टर थरात गाडला जातो आणि ओढताना तुटू शकतो. बसायची जागा ब्रशने पूर्ण साफ करायची, पण आधी भोक बुजवून, म्हणजे कोळशाचा कण सिलिंडरमध्ये पडणार नाही. वॉशर आणि पकडीचा बोल्ट दोन्ही नवे, कारण तो बोल्ट ताणून बसतो आणि एकदाच वापरायचा असतो. आणि ज्या सिलिंडरचा इंजेक्टर त्याच सिलिंडरला, मार्करने आकडे घालून.

व्ही सिक्सवाल्यांचा उन्हाळ्यातला ठरलेला त्रास म्हणजे गरम गाडी बंद केली की पुन्हा सुरू न होणं आणि अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू होणं. पेट्रोल पंप बदलायला सांगणारे खूप. तुम्ही स्टार्टर फिरवत मशीनवर आरपीएम बघता. शून्य दिसलं तर इंजिनच्या मागचा, फिरण्याचा वेग सांगणारा क्रँक सेन्सर, एका बोल्टचं काम.

पार्टबद्दल एक युक्ती नव्या मालकांसाठी इथे लिहून ठेवतो. मर्सिडीजच्या पार्ट नंबरमध्ये ए नंतरचे पहिले तीन आकडे गाडीचे किंवा इंजिनचे असतात. बॉडीचा भाग २११ ने सुरू होतो, २२० सीडीआयच्या इंजिनाचा ६४६ ने. चॅसिस नंबर टाकून काढलेला पार्ट नंबर दुकानात द्यायचा, "ई क्लासचा द्या" म्हणायचं नाही. सस्पेन्शनचे आर्म लेमफोर्डरचे, कूलिंगचे भाग बेर किंवा माहलेचे, सेन्सर बॉशचे, ही तुमच्या भिंतीवर खडूने लिहिलेली यादी आमच्या फोनमध्ये आहे.

आरटीओच्या पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला गाडी नेण्याआधी तुम्ही खालून हात फिरवून दिलेला होकार तर आमचा खरा फिटनेस.

२५ मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. त्याआधी आमच्यातल्या तिघांच्या गाड्या कूलिंगच्या कामाला आणतोय, एका दिवशी एकच, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सकाळी आठला आणि रात्रभर थंड झालेल्या. कूलंट, डिस्टिल्ड वॉटरचे डबे आणि नव्या क्लिपा सोबत आहेत. पांढऱ्या कापडाचा एक गठ्ठाही आणतोय, मागच्या वेळी चिंध्या संपल्या होत्या.

आपले,
तुमच्या शेडखाली बॉनेट उघडून उभे राहणारे
नागपूरकर ई क्लासवाले