ताई, आईच्या शेजारी बसलात म्हणून

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

आई नागपूरहून आलेली, इंग्रजीचा गंध नाही. जेवण चर्चमध्ये आणि गप्पांचा विषय 'ब्लॅक थिऑलॉजी', म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा ख्रिस्ती धर्मविचार. मी तिला घरीच ठेवून येणार होते. "काकूंना आण, मी बसते शेजारी," म्हणालात आणि स्वतःचं ताट गार होऊ देत संध्याकाळभर तिच्या कानाशी मराठीत बोलत राहिलात.

वेस्ट फिलाडेल्फियातल्या त्या बेसमेंटमध्ये फॉइलने झाकलेल्या ट्रेंत चवळी दिसली तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला. कोलार्डची पालेभाजी स्मोक्ड टर्की घालून मऊ शिजवलेली. तिच्या रश्शात मक्याचा ब्रेड बुडवायचा, हे समोरच्या आजींनी खुणेने दाखवलं. आईने भाकरीसारखा सरळ कुस्करलाच. आजी खूश!

मग पास्टर बोलले. काळे धर्मोपदेशक रिचर्ड ॲलन यांची गोष्ट याच शहरातली. सेंट जॉर्जेस चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या काळ्या माणसांना ओढून उठवलं, तेव्हा ते सगळे बाहेर पडले. १७९४ मध्ये त्यांचं बेथेल चर्च सुरू झालं, १८१६ मध्ये वेगळा एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) पंथ. ब्लॅक थिऑलॉजी मांडणारे जेम्स कोन त्याच पंथात, आर्कान्सात वाढलेले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर वर्षभराने, १९६९ मध्ये, कोन यांचं पहिलं पुस्तक आलं. देव दडपलेल्यांच्या बाजूचा आहे, म्हणून अमेरिकेत तो काळाच, ही त्यांची मांडणी.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मालकाचाच धर्म काहून ठेवला यायनं? बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात सांगितलं आन्‌ १९५६ ला सोडूनच देला."

मी टेबलाखालून तिचा हात दाबला. तुम्ही मात्र प्रश्नाची धार जराही कमी न करता तो जसाच्या तसा इंग्रजीत मांडलात. तुम्ही नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या. तो प्रश्न तुमच्याही अंगावर येणारा होता. माझे खरे आभार या एका गोष्टीसाठी आहेत.

आजी चिडल्या नाहीत. मालकाचा धर्म आम्ही घेतलाच कुठे, म्हणाल्या. १८०७ मध्ये लंडनला कॅरिबियन गुलामांसाठी एक बायबल छापलं होतं, त्यातून इस्राएली लोकांची इजिप्तच्या गुलामीतून सुटका झाल्याची गोष्ट गाळून टाकली होती. मालकांना जी पानं खुपत होती, तीच आमची. पलीकडच्या बाईंना हे पुरेसं वाटेना. त्यांनी काळ्या बायकांच्या बाजूने धर्मविचार मांडणाऱ्या डेलोरेस विल्यम्स यांच्या १९९३ च्या पुस्तकातली, बायबलमधली हागार काढली: दासी हागारला देवाने सोडवलं नाही, उलट मालकिणीकडे परत जायला सांगितलं, पुढे वाळवंटात पाणी दाखवलं, जगवलं. सुटका नाही तर निदान तग. आईला हागार लगेच कळली. मलाही कोन यांच्यापेक्षा हीच बाजू जास्त पटते. त्यांच्या सुरुवातीच्या लिखाणात बायका जवळपास नाहीतच, आणि हे त्यांनी स्वतःही पुढे कबूल केलं.

क्रूस आणि लिंचिंगचं झाड (जमाव काळ्या माणसांना ज्याला लटकवून मारायचा ते) यांच्यावर कोन यांनी २०११ मध्ये लिहिलं, तो विषय निघाला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "खैरलांजी." पुढचं तिला बोलवेना. तुम्ही सांगितलंत: भंडारा जिल्हा, २००६, जमावाने मारलेली भोतमांगे कुटुंबातली चार माणसं. टेबलावरचे चमचे थांबले. मग तुम्ही अरविंद निर्मल यांचं नाव घेतलंत. दलित ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या पूर्वजांच्या वेदनेपासून धर्मविचार सुरू करावा, हे त्यांनी १९८० च्या दशकात मांडलं, हे मला तोवर माहीत नव्हतं. पास्टरांनी वहीत नाव लिहून घेतलं.

आईचं मत काही बदललेलं नाही. "सोडाले पाह्यजे होता," असं ती नागपूरहून अजूनही फोनवर म्हणते, आणि लगेच आजींच्या गुडघेदुखीची चौकशी करते. त्यांच्यासाठी तिने सावजी मसाला पाठवलाय. पुडी माझ्याकडे आहे. रविवारी चर्चला जाताना घेऊन जाल? तिखट आहे, हे मात्र आधी सांगा.

तुमची,
मागच्या गल्लीतली नागपूरकर