रविवार सकाळचं मैदान मोकळं राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विदर्भाच्या क्रिकेटवर आपल्याकडे भरभरून छापून येतं आणि ते यायलाच हवं. इंदूरला दिल्लीला हरवून आपण २०१७-१८चा रणजी करंडक आणला, पुढच्या वर्षी नागपूरच्याच जामठा स्टेडियमवर सौराष्ट्राला हरवून तो राखला. २ मार्च २०२५च्या रविवारी केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तो तिसऱ्यांदा मिळवला. त्या हंगामातले हर्ष दुबेचे ६९ बळी हा आमच्या कट्ट्यावर आजही सकाळ घालवायला पुरणारा विषय आहे. माझं पत्र मात्र या क्रिकेटच्या बऱ्याच पायऱ्या खाली चालणाऱ्या क्रिकेटबद्दल आहे.

आमचं क्रिकेट म्हणजे टेनिस बॉल, एका बाजूला तीन स्टंप, दुसऱ्या बाजूला रचलेल्या विटा, आणि कंबर धरली की रनर मागणारे साठीचे ओपनर. कॉलेजची पोरं आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, गिट्टीखदानकडून येणारा मोटार रिवायंडिंगचा कारागीर आहे, नागनदीकाठच्या वस्तीत राहणारा एक ऑटोवाला आहे. खेळ संपला की हरणाऱ्यांच्या पैशाने तर्री पोहे. आडनाव विचारायची पद्धत नाही. माझ्या फोनमध्ये ही मंडळी ‘लेफ्टी ग्राउंड’, ‘अंपायर काका’ अशीच होती. कोण कुठे राहतो, हेही धड ठाऊक नव्हतं.

२२ सप्टेंबर २०२३चा शुक्रवार नागपूरकर विसरणार नाहीत. घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. मोहालीच्या सामन्यात शमीने ऑस्ट्रेलियाचे पाच बळी घेतले, आपण जिंकलो, आणि पुरणपोळीच्या सुस्तीत शहर झोपलं. मध्यरात्रीनंतर पावसाने जोर धरला. चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीने आपल्या जागेवर बांधलेलं सगळं एका रात्रीत मोजून दाखवलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात, मोरभवन बसस्थानकातल्या बसेस पाण्यात. एनडीआरएफ आणि लष्कराच्या तुकड्या उतरवाव्या लागल्या. चार जणांचे जीव गेले. कारणांवर आपण खूप लिहिलंत, प्रकरण हायकोर्टातही गेलं, मी त्यात भर घालत नाही.

आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी आलं. महालक्ष्म्यांचे मुखवटे बायकोने तेवढे वेळेवर माळ्यावर चढवले. आंबिलीचं पातेलं स्वयंपाकघरातून तरंगत बैठकीत आलं. उजाडल्यावर मी ग्राउंडच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं की उद्या माझी वाट पाहू नका, घरात पाणी आहे. पाच मिनिटांत रिवायंडिंगवाल्याचा फोन. “भाऊ, एकही स्विच लावू नका बरं. मेन पाडा अन् बाहेर व्हा. मी येतो.”

नातेवाइकांचे ‘काही लागलं तर सांगा’ असे संदेश दिवसभर येत राहिले. मी कोणाला काही सांगितलं नाही, तेही विसरले. त्यांचा दोष नाही म्हणा, रस्तेच बंद होते. पण ही मंडळी मात्र पाणी उतरताच त्याच रस्त्यांनी आली.

पूर म्हटला की डोळ्यांसमोर पाणी येतं. खरा त्रास पाण्याचा नसतो, गाळाचा असतो. तो कपाटाच्या खणात, फ्रिजच्या मागे, गॅसच्या बर्नरमध्ये, जिथे हात जात नाही तिथे जाऊन बसतो आणि वाळला की खरवडून काढावा लागतो. म्हणून ओला असतानाच फावड्याने ओढायचा, वायपरने लोटायचा आणि मागून पाणी मारायचं. कापसाची भिजलेली गादी चार जणांशिवाय हलत नाही. एरवी एकमेकांच्या रनआउटवरून गळे धरणारी पोरं एका चालीने गाद्या बाहेर काढत होती. तेव्हा मला कळलं की एकत्र खेळलेल्या माणसांना काम वाटून द्यावं लागत नाही. कोणाचा खांदा मजबूत, कोण बोलघेवडा, कोण न बोलता राबणारा, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

कारागिराने पंपाची मोटार खोलली, फ्रिज-वॉशिंग मशीनला हात लावू दिला नाही. मोटार उन्हात वाळवून, इन्सुलेशन तपासून मगच करंट दिला. शेजारच्या घरीही त्यानेच केलं. तिथे घाईने बटण दाबलं असतं तर वाइंडिंग जळालंच असतं. पैसे देऊ लागलो तर म्हणाला, “राहू द्या भाऊ. माह्या बॉलिंगवर कॅच सोडला होता ना तुम्ही, तो हिशेब अजून बाकी आहे.”

दुपारी पोहे खाताना लक्षात आलं की सकाळपासून गाळ उपसणारा ऑटोवाला चहालाही थांबला नव्हता. विचारल्यावर कळलं, त्याच्या खोलीतही पाणी शिरलंय, बायको-मुलं मेहुण्याकडे आहेत. आम्ही उरलेली फावडी त्याच्याच ऑटोत टाकून तिकडे गेलो. सरकारने प्रत्येक बाधित कुटुंबाला दहा हजार रुपयांची मदत जाहीर केली, पण तो भाडेकरू. कागद घरमालकाच्या नावाचे, त्याची पासबुकं पाण्यात विरघळलेली. तेव्हा आमचे बँकवाले काका उपयोगी पडले. पंचनामा होईपर्यंत सामान फेकू नकोस, आधी फोटो काढ, पासबुकाची दुसरी प्रत मी मिळवून देतो, असं म्हणत ते त्याच्याबरोबर रांगेत उभे राहिले. मैदानावर हे काका एलबीडब्ल्यू कधीच देत नाहीत, तेवढं सोडलं तर माणूस सोन्यासारखा.

हे सगळं आज लिहिण्याला कारण आहे. आमचं मैदान वर्षातले कितीतरी शनिवार-रविवार आम्हाला मिळतच नाही. कधी सेल, कधी मेळावा, कधी कोणाच्या लग्नाचं जेवण. मंडप निघतो, खड्डे राहतात. मागच्या खेपेला वाकलेले खिळे वेचण्यातच आमची सकाळ गेली आणि एका पोराच्या टाचेत एक घुसला तो वेगळाच. बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर जा, असं सुचवणारे असतात. तासाचं भाडं पोरं वर्गणी काढून भरतील. ऑटोवाला भरणार नाही, संकोचाने यायचंच बंद करेल. पैसे मोजून घेतलेल्या तासात अनोळखी माणसाला ‘ये, एक जण कमी आहे’ अशी हाकही कोणी मारत नाही. आमचा रिवायंडिंगवाला अशाच एका हाकेवर आला होता. रस्त्यावरून जाताना थांबून खेळ पाहत होता.

आपत्तीच्या तयारीसाठी बोटी घ्याव्यात, भोंगे बसवावेत, तलावाच्या भिंती बळकट कराव्यात, सगळं करावं. त्याच यादीत शहरातली मोकळी मैदानं का असू नयेत? ज्यांच्या ताब्यात ती आहेत त्यांनी एवढं करावं : शनिवार-रविवारी सकाळी दहापर्यंत मैदान कोणालाही भाड्याने देऊ नये, आणि कार्यक्रम करणाऱ्यांकडून अशी अनामत घ्यावी की खड्डे बुजवून, खिळे उचलून झाल्याशिवाय ती परत मिळणार नाही. नवीन खर्च शून्य.

आमच्या मैदानावर पुढच्या महिन्यात पुन्हा एक प्रदर्शन लागणार असल्याचं कानावर आहे. बांबू अजून आलेले नाहीत. पत्र त्याआधी छापलंत तर उपकार होतील.

आपला,
एक जुना वाचक
अंबाझरी परिसर, नागपूर