सेल्फचा रिले वाजतो, म्हणून तो चांगला आहे असे समजू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर टायर, ब्रेक आणि साखळीची काळजी कशी घ्यावी याची माहिती येते आणि ती उपयोगीही असते. मात्र जुन्या मोटरसायकलवर लांबचा प्रवास करणाऱ्याला भर रस्त्यात उभा करणारा एक छोटा भाग त्या माहितीत मला कधी आढळला नाही. तो म्हणजे सेल्फचा रिले, म्हणजे बटण दाबल्यावर इंजिन फिरवणाऱ्या मोटरला बॅटरीचा प्रवाह जोडून देणारा स्विच. मी उपनगरी गाड्यांच्या कारशेडमध्ये ३१ वर्षे विद्युत विभागात काम केले आणि त्यातला बराच काळ कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारे-तोडणारे स्विच) व रिले उघडण्यात, घासण्यात आणि पुन्हा बसवण्यात गेला. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

माझ्याकडे २००७ साली घेतलेली टूरिंग मोटरसायकल आहे. तिला किक नाही, त्यामुळे सेल्फ लागला नाही तर ढकलण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. गेल्या गणपतीत चिपळूणला जाताना माणगावला चहासाठी थांबलो आणि निघताना बटण दाबले, तर बाजूच्या पॅनेलमागून फक्त ‘टक’ असा एकच आवाज आला. इंजिन हललेसुद्धा नाही. हॉर्न खणखणीत वाजत होता आणि बटण दाबल्यावर हेडलाइट किंचितही मंद होत नव्हता. टपरीवरच्या दोन मुलांनी धक्का दिला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी सुरू झाली. कार्ब्युरेटरची गाडी असल्यामुळे हे जमले. पुढे चिपळूणपर्यंत मी इंजिन बंद केले नाही.

मुंबईला परतल्यावर गाडी एका सर्व्हिस सेंटरमध्ये दिली. तिथे व्होल्टेज मोजणारा मीटर न लावताच नवी बॅटरी बसवण्यात आली. चौथ्या दिवशी पुन्हा तोच ‘टक’. आता सेल्फची मोटर बदलावी लागेल असे सांगून कित्येक हजारांचा अंदाज माझ्या हाती ठेवण्यात आला. मी रिले तपासला का असे विचारले, तेव्हा तिथला तरुण मेकॅनिक अगदी मनापासून म्हणाला, ‘‘काका, रिलेचा आवाज येतोय म्हणजे रिले ओके आहे.’’ त्या मुलाला मी दोष देत नाही, कारण त्याला तसेच शिकवले गेले आहे. हा समज मुंबईतल्या बहुतेक गॅरेजमध्ये मी ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे, हेच मला सांगायचे आहे.

रिलेच्या आत दोन वेगळी कामे चालतात. बटण दाबल्यावर बारीक वायरीतून तीनेक अँपिअरचा प्रवाह एका कॉइलमध्ये जातो, कॉइलचे चुंबक तयार होते आणि ते लोखंडी दांडा ओढून घेते. ‘टक’ हा आवाज त्या दांड्याचा असतो. दांड्याच्या टोकाला तांब्याची एक चकती असते आणि ती दोन जाड टर्मिनलवर जाऊन टेकली, तरच बॅटरीचा खरा प्रवाह मोटरकडे जातो. इंजिन जागचे हलवताना हा प्रवाह १०० अँपिअरच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे आवाजावरून कळते ते एवढेच, की कॉइल जिवंत आहे. चकती नीट टेकली की नाही, तिच्यावर काजळी आहे की खड्डे पडले आहेत, याबद्दल तो आवाज काहीच सांगत नाही.

घरी आणून मी मीटर लावला. बॅटरी स्वस्थ स्थितीत, म्हणजे काहीही चालू नसताना, १२.७ व्होल्ट दाखवत होती आणि बटण दाबल्यावरही १२.५ वर राहिली. इथेच अर्धे निदान झाले. बॅटरी कमजोर असती, किंवा मोटर अडकून भरमसाट प्रवाह ओढत असती, तर हा आकडा धाडकन खाली यायला हवा होता. तो खाली येत नाही, याचा अर्थ प्रवाह वाहतच नाही. मग मीटरच्या दोन टोकांपैकी एक रिलेच्या बॅटरीकडील टर्मिनलवर आणि दुसरे मोटरकडील टर्मिनलवर ठेवले. रिले निरोगी असेल तर बटण दाबताच हा आकडा जवळजवळ शून्यावर यावा, अर्ध्या व्होल्टपेक्षा तर नक्कीच कमी. माझ्या रिलेवर एका दाबाला तो ४ व्होल्ट होता आणि पुढच्या दाबाला जवळपास पूर्ण १२. मोटर निर्दोष होती आणि बदललेली जुनी बॅटरीही बहुधा निर्दोषच होती.

काही मेकॅनिक रिले काढून, त्याला बाहेरून बारा व्होल्ट देऊन मीटरची बीप वाजते का ते पाहतात. ही चाचणी निरुपयोगी आहे, असे मी ठामपणे म्हणतो. मीटर बीपसाठी नाममात्र प्रवाह सोडतो आणि तेवढ्याला जळका कॉन्टॅक्टही, म्हणजे चकती व टर्मिनल यांचा जळलेला सांधाही, वाट देतो. १०० अँपिअरच्या प्रवाहात मात्र ०.०२ ओहम इतका क्षुल्लक रोध २ व्होल्ट खातो आणि त्या एवढ्याशा जागेत २०० वॉट उष्णता निर्माण करतो. म्हणून रिलेची परीक्षा गाडीवर, भार असतानाच घ्यावी लागते. तिला दोन मिनिटे पुरतात आणि लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मीटरही त्यासाठी चालतो.

मीटर नसेल, तर कान आणि हेडलाइट यांवरूनही बरेच कळते. एकच ‘टक’ आणि दिवा तसाच प्रखर, तर संशय रिलेच्या कॉन्टॅक्टवर. ‘टक’ होऊन दिवा विझू लागला, तर बॅटरी, तिचे सैल टर्मिनल किंवा अडकलेली मोटर. ‘टकटकटक’ असा सलग आवाज आला, तर बहुधा बॅटरी उतरली आहे, कारण चकती टेकताच व्होल्टेज कोसळते, कॉइलला दांडा धरवत नाही, तो सुटतो, व्होल्टेज सावरते आणि पुन्हा तेच सुरू होते. आणि काहीच आवाज नसेल, तर फ्यूज, बटण, क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच आणि शेवटी कॉइल, या वाटेने शोध घ्यावा.

हे कॉन्टॅक्ट जळतात तरी का? डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह तोडताना पडणारी ठिणगी, सतत दिशा बदलणाऱ्या एसीसारखी क्षणोक्षणी शून्यावर येत नाही, त्यामुळे प्रत्येक स्टार्टला तांब्याचा एखादा कण उडतो. हार्बर मार्गावर २०१६ पर्यंत १५०० व्होल्ट डीसी होते आणि त्या काळातल्या कॉन्टॅक्टरच्या खड्डे पडलेल्या टिप्स आम्ही किती घासल्या असतील त्याची गणती नाही. मोटरसायकलवर हेच लहान प्रमाणात घडते. त्यात मुंबईची खारट, दमट हवा आहे. इमारतीखाली जागा नाही म्हणून उघड्यावर भिजणारी गाडी आहे आणि तुंबलेल्या रस्त्यावर मागच्या चाकाने उडवलेले पाणी नेमके रिलेच्या दिशेने जाते. वायरी जोडणारा प्लास्टिकचा कपलर उघडला की पिनांवर हिरवट थर दिसतो तो यामुळेच. आम्हा प्रवासी मंडळींची एक खोड याला हातभार लावते. फॉग लॅम्प, मोबाइल चार्जर, जादा हॉर्न यांच्या वायरी रिलेच्या जाड टर्मिनलवर एकावर एक चढवल्या जातात. नट पूर्ण बसत नाही, सांधा तापतो आणि कपलरचे प्लास्टिक वितळते. माझ्या गाडीवर अशा तीन वायरी होत्या आणि त्या मीच जोडून घेतल्या होत्या. आता त्या वेगळ्या फ्यूजमधून घेतल्या आहेत.

रस्त्यावर सर्रास दिसणाऱ्या एका प्रकाराबद्दल लिहिणे मला कर्तव्य वाटते. सेल्फ लागेना की रिलेच्या दोन टर्मिनलवर स्क्रू ड्रायव्हर आडवा ठेवून मोटर फिरवली जाते. त्या वेळी ठिणग्या उडतात आणि पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते. शिवाय क्लच व न्यूट्रलचे स्विच कॉइलच्या वाटेवर असतात आणि ही युक्ती त्यांना वळसा घालते. गाडी गिअरमध्ये राहिली असेल, तर ती समोरच्या माणसावर झेप घेते. उलट कधी चकती टर्मिनलला वितळून चिकटते आणि बटण सोडल्यावरही मोटर फिरत राहते. तेव्हा चावी बंद करून उपयोग होत नाही, कारण जाड केबल चावीतून जातच नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर तत्काळ सोडवणे हाच उपाय. त्यासाठी लागणारा पाना सीटखाली खोल न ठेवता हाताशी ठेवावा.

रिले दुरुस्त करता येतो का, असे मला बरेच जण विचारतात. येतो, पण मर्यादेत. माझा रिले मी उघडला, चकती उलटी केली, टर्मिनलची टोके बारीक पॉलिश पेपरने घासली आणि तो पुन्हा कामाला लागला. परंतु कारखान्यात बंद केलेले झाकण एकदा उघडले की पाणी आत जाणारच. त्यामुळे तो रिले आता बॅगेत जादा म्हणून असतो आणि गाडीवर नवा बसवला आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तो मला ४५० रुपयांना मिळाला. पिनांची मांडणी आणि फ्यूजची जागा जुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. बसवताना निगेटिव्ह आधी काढावी आणि शेवटी जोडावी, म्हणजे पाना चासीला लागून ठिणगी पडत नाही.

जे काम ४५० रुपयांत झाले, त्यासाठी बॅटरीचा खर्च झाला होता आणि मोटरचा होणार होता. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करून ती वापरता येते, म्हणून असंख्य जुन्या दुचाकी रस्त्यावर कायदेशीरपणे धावत आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश आहे. ती दिशा योग्य आहे, पण सुटे भाग मिळून भागणार नाही, कोणता भाग बिघडला हे मोजूनही सांगितले पाहिजे. माझी मागणी साधी आहे. सेल्फच्या तक्रारीवर कोणताही भाग बदलण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरने जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, तीन आकडे लिहावेत: बॅटरीचे स्वस्थ व्होल्टेज, बटण दाबल्यावरचे व्होल्टेज आणि रिलेच्या दोन टर्मिनलमधला फरक. आयटीआयच्या वर्गातही ही चाचणी विद्यार्थ्यांकडून गाडीवर करून घ्यावी. माझ्या गाडीचे नव्या रिलेनंतरचे आकडे मी स्वतः कार्डावर लिहून ठेवले आहेत: १२.७, १०.६ आणि ०.२.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विद्युत तंत्रज्ञ,
मुलुंड (पूर्व), मुंबई