‘न सांगता दारू सोडवा’ या जाहिराती छापू नका

महोदय,

आपल्या छोट्या जाहिरातींत ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ ही ओळ अजून दिसते. तेरा वर्षांपूर्वी अशाच एका जाहिरातीवरून मी पुड्या मागवल्या आणि यजमानांच्या आमटीत कालवल्या. दुसऱ्याच रात्री ते पिऊन आले. चेहरा लालबुंद, उलट्या थांबेनात, छातीत धडधड. डॉक्टरांनी डायसल्फिराम या औषधाचा संशय घेतला. ते पोटात असताना दारू घेतली की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ साठतो, रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. डॉक्टर हे औषध देतात, पण रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीनं.

यजमान वाचले. पण सात महिने त्यांनी माझ्या हातचं खाल्लं नाही. स्टँडसमोरच्या खानावळीत जेवायचे आणि पूर्वीपेक्षा जास्त प्यायचे.

शेवटी व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तिथले समुपदेशक स्वतः कधीकाळी दारूत बुडालेले. त्यांनी शपथ घ्यायला लावली नाही. विचारलं, ‘दारूनं तुम्हाला काय दिलं, ते आधी सांगा.’ हा प्रश्न यजमानांना कुणी केलाच नव्हता, मीसुद्धा. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, ‘झोप.’ नोकरी गेल्यापासून त्यांना रात्र रात्र झोप नव्हती. शेजारी झोपणाऱ्या मला ते तिथं कळलं.

वर्षभरानं पुतण्याच्या लग्नात ते पुन्हा प्यायले. सकाळी त्यांनीच केंद्रात फोन लावला. पलीकडून ‘या, चहा घेऊ’ एवढंच उत्तर आलं. तेव्हा कुणी झापलं असतं, तर ते परत गेले नसते.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचलं. अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅच’ या अभ्यासात १,७२६ रुग्णांवर बोलून करायच्या तीन निरनिराळ्या उपचारपद्धती वापरल्या. १९९७ साली निष्कर्ष आले, तिन्हींचा गुण जवळपास सारखाच. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांचा अभ्यास झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांशी जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांतल्या ३६ टक्क्यांचं पिणं आटोक्यात होतं, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत २६ टक्क्यांचं. ही माणसं समोर बसून बोलली होती. पुडीत हे कुठून येणार?

माझी विनंती आहे, या जाहिराती घेऊ नका. त्या जागेत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या जवळपासच्या सभांचे वार आणि वेळा छापा. तिथं फी नसते.

– एक निवृत्त शिक्षिका, कराड
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)